रिंगणात पहिला, कारकसमध्ये एकोणिसावा: सर्जाचा कागद कसा वाचायचा

आयोवात राहणाऱ्या एका मराठी आईचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: चौदा वर्षांच्या लेकीने फोर-एचमध्ये, म्हणजे मुलांना शेती-पशुपालनाचे प्रकल्प करायला लावणाऱ्या इथल्या संस्थेत, एक स्टीअर, म्हणजे खच्ची केलेला गोऱ्हा, आठ महिने सांभाळला. आजोबांच्या बैलावरून त्याचं नाव सर्जा ठेवलं. काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) जत्रेत रिंगणात, म्हणजे जिवंतपणी पारखताना, तो त्याच्या वजनगटात पहिला आला. नंतर त्याच जनावराच्या कारकसची, म्हणजे कापल्यावर उरलेल्या धडाची, स्पर्धा झाली आणि 23 जणांत तो एकोणिसावा लागला. रिंगणात शेवटून दुसरा उभा असलेला एक साधा काळा स्टीअर तिथे पहिला आला. परीक्षकाने पक्षपात केला का, आमचं काय चुकलं, पोरगी चार दिवस नीट जेवली नाही, पुढच्या वर्षी पुन्हा करू द्यावं का, आणि साताऱ्याला आजोबांना काय सांगावं? सोबत निकालाच्या कागदाचा फोटो आहे.

ताई, मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, इथे येऊन मांसविज्ञान केलं, आणि गेली वीसेक वर्षं मिडवेस्टमधल्या काउंट्यांत मुलांच्या अशा स्पर्धांसाठी शीतगृहात उभा राहून कारकस मोजतो आहे. तुमचा कागद मी दोनदा वाचला. पक्षपात मला कुठेही दिसला नाही. उलट हा निकाल जितका वाईट वाटतो तितका नाही, आणि तो का, हे त्या कागदातच लिहिलेलं आहे.

कातडं, डोकं, पाय, आतडी काढून जे धड उरतं ते कारकस. सर्जा 1290 पौंडांचा, म्हणजे साधारण 585 किलोंचा होता. कारकस भरलं 812 पौंड. हे प्रमाण 63 टक्क्यांच्या जवळ येतं, चांगल्या खाल्लेल्या स्टीअरचं ते असंच असतं. धड रात्रभर किंवा त्याहून जास्त थंड केलं की बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मध्ये आडवा छेद घेतात. आमचं निम्मं काम त्या एका छेदावर होतं. पाठीच्या कण्यालगतचा लांब स्नायू तिथे गोल उघडा पडतो, त्याला रिबआय म्हणतात. सुरुवातीला तो जांभळट, मलूल दिसतो. दहा-पंधरा मिनिटं हवा लागली की चेरीसारखा लाल फुलतो. आम्ही त्याआधी ग्रेड देत नाही. त्या फुललेल्या लालीवर पांढऱ्या चरबीची जी बारीक जाळी दिसते, ते मार्बलिंग. मांस शिजल्यावर रसाळ राहतं आणि चव लागते ती बऱ्याच अंशी तिच्यामुळे.

अमेरिकेच्या कृषी खात्याची ग्रेडिंगची व्यवस्था 1927 पासून चालू आहे. तरुण जनावरांसाठी वरून खाली प्राइम, चॉइस, सिलेक्ट आणि स्टँडर्ड असे दर्जे आहेत. मार्बलिंगच्या पायऱ्यांनाही नावं आहेत. 'स्लाइट' असेल तर सिलेक्ट, 'स्मॉल', 'मॉडेस्ट' आणि 'मॉडरेट' असेल तर चॉइसच्या खालच्या, मधल्या, वरच्या पायऱ्या, आणि 'स्लाइटली अबंडंट'पासून पुढे प्राइम. प्रत्येक पायरीत शून्य ते शंभर गुण. सर्जाच्या कागदावर 'स्लाइट 60' आहे. म्हणजे चॉइसचा उंबरठा अजून चाळीस गुण दूर होता.

आता दुसरी बाजू बघा. त्याच कागदावर रिबआय 15.2 चौरस इंच, वरच्या चरबीची जाडी 0.28 इंच, मूत्रपिंड-ओटीपोट-हृदयाभोवतीची चरबी दीड टक्का. यांवरून यील्ड ग्रेड काढतात, म्हणजे धडातून चरबी छाटून विकण्याजोगं मांस किती निघेल त्याचा अंदाज. ही ग्रेड 1965 मध्ये आली. सूत्र वहीत लिहून ठेवण्यासारखं आहे, लेकीलाच करायला लावा: 2.50 पासून सुरुवात, त्यात चरबीच्या जाडीची अडीच पट मिळवा, आतल्या चरबीच्या टक्क्यांची 0.20 पट, कारकसच्या पौंडांची 0.0038 पट, आणि रिबआयची 0.32 पट वजा करा. सर्जाचं उत्तर 1.7 येतं. एक सगळ्यात चांगला आणि पाच सगळ्यात वाईट, तेव्हा 1.7 म्हणजे उत्तम. 812 पौंडांच्या कारकसला साधारण साडेतेरा चौरस इंचांचा रिबआय अपेक्षित असतो, त्याचा पंधराच्या वर होता. रिंगणातल्या परीक्षकाच्या हाताला हेच लागलं. कंबरेवर, मांडीवर गच्च स्नायू, फासळीवर कमी चरबी, चाल सरळ. त्याने बरोबरच पहिला काढला. पण मार्बलिंग बाहेरून हात लावून कुणालाही कळत नाही. मलाही कळत नाही, आणि मी हजारो धडं उघडलेली पाहिली आहेत.

त्या काळ्या स्टीअरचे आकडेही तुमच्या फोटोत खाली आले आहेत: कारकस 836, रिबआय 14.1, चरबी 0.42, आतली चरबी दोन टक्के, मार्बलिंग मॉडेस्ट. त्याची यील्ड ग्रेड 2.6 येते, सर्जापेक्षा वाईट. पण तो मधल्या चॉइसमध्ये आहे. तुमच्या काउंटीचा नियम कागदाच्या मथळ्यावरच छापलेला आहे: आधी चॉइस किंवा त्याहून वरची सगळी धडं लावायची, मग त्याखालची. 18 स्टीअर चॉइस किंवा त्याहून वर होते. एकोणिसावा क्रमांक म्हणजे जे पाच सिलेक्टला थांबले त्यांच्यात सर्जा पहिला होता. हे तिला सांगा. तिचं समाधान करण्यासाठी नव्हे, कागद तेच सांगतो म्हणून. सगळीकडे नियम असाच नसतो. काही काउंट्या धडाची डॉलरमधली किंमत काढून क्रम लावतात, काही रोजची वाढही त्यात धरतात. तसा नियम असता तर सर्जाचा क्रम वेगळा आला असता. म्हणून मी पालकांना नेहमी सांगतो, वासरू घेण्याआधी नियमांचं पुस्तक घ्या.

आता काय चुकलं ते. चूक हा शब्द मी जपून वापरतो, कारण यातलं निम्मं तिच्या हातात वासरू आलं त्या दिवशीच ठरलं होतं. तुम्ही लिहिलंय की वासरू 'क्लब काफ' विकणाऱ्याकडून घेतलं, केसाळ, हाडापेराने मजबूत. मेन-आंजू, शॉर्टहॉर्न, किआनिना अशा रक्तांचं मिश्रण करून रिंगणासाठी अशी वासरं तयार केली जातात. दिसायला देखणी असतात. मार्बलिंगचा मोठा भाग मात्र वंशातून येतो, आणि रिंगणासाठी निवड करणाऱ्याने त्याकडे बघितलेलं नसतं. त्या काळ्या स्टीअरचा बाप बहुधा अँगस जातीचा असा वळू असेल, ज्याच्या आकड्यांत मार्बलिंग चांगलं आहे. बापाचे ते आकडे छापलेले असतात. विकणाऱ्याला विचारायचे. तो सांगू शकला नाही, तर कारकस स्पर्धेसाठी ते वासरू घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं कारण तुम्ही स्वतःच एका ओळीत लिहिलंय आणि पुढे गेलात: "जूनमध्ये पोट सुटू नये म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मका कमी करून गवत वाढवलं." ही ओळ माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. मार्बलिंग हे स्नायूच्या आत सर्वांत शेवटी आणि सावकाश भरतं, आणि त्याला दाण्यातली ऊर्जा सतत लागते. डिसेंबरच्या मध्याला 590 पौंडांवरून 230 दिवसांत 1290, म्हणजे दिवसाला तीन पौंडांची वाढ, हे छानच. पण सर्जा मोठ्या चणीचा, उशिरा भरणारा. 0.28 इंच चरबी सांगते की तो अजून पुरता तयारच झाला नव्हता. अशा वेळी जूनमध्ये खुराक आखडला, म्हणजे जे शेवटचे दोन महिने त्याला हवे होते तेच गेले. जत्रेची तारीख हलत नाही. हलवता येते ती वासराची निवड: त्या तारखेला तयार होईल अशा वयाचं आणि चणीचं. शेजाऱ्यांचा सल्ला रिंगणासाठी खोटा नव्हता, त्यामुळेच पोट आटोपशीर दिसलं आणि रिबन मिळाली. एकाच जनावराला दोन परीक्षकांपुढे उभं करायचं असतं तेव्हा ही ओढाताण येतेच, आणि लेकीला ती समजलेली बरी.

आणखी काही गोष्टी, ज्या तुमच्या बाबतीत घडल्या असं मी म्हणत नाही, पण पुढच्या वेळी लक्षात राहू द्या. वासरू लहानपणी फुप्फुसाच्या आजाराने पडलं तर पुढे मार्बलिंगवर परिणाम दिसतो, म्हणून लसी वेळेवर हव्यात. सुई नेहमी मानेवर. मागच्या पुठ्ठ्यावर दिलेल्या एका सुईचा व्रण महिन्यांनंतर सरलॉइनच्या महागड्या तुकड्यात निघतो. मी स्वतः तो कापून फेकताना पाहिलंय. औषध दिलं असेल तर किती दिवस थांबायचं ते बाटलीवर असतं, ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. वाढ करणाऱ्या बीटा-अगोनिस्ट औषधांबद्दल प्रत्येक प्रदर्शनाचे नियम वेगळे आहेत. कुणी चांगलं आहे म्हणून काही पुडी दिली तर आधी ते नियम वाचा. नव्वदच्या दशकात क्लेनब्युटेरॉल दिलेली जनावरं मोठ्या प्रदर्शनांत सापडली, तेव्हापासून तपासण्या कडक झाल्या. चामड्याखाली हवा किंवा तेल भरून आकार फुगवण्याचे प्रकारही होऊन गेलेत. रिंगणात ते लपतं. कातडं उतरवल्यावर लपत नाही. मला ही स्पर्धा प्रिय आहे, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

शेवटच्या चोवीस तासांचं वेगळं सांगतो, कारण आठ महिन्यांची मेहनत तिथे जाऊ शकते. जनावर घाबरलं, अनोळखी जनावरांत कोंडलं गेलं, रात्रभर झुंजलं, तर स्नायूतली साखर संपते. मग कापल्यानंतर मांसाचा पीएच नेहमीच्या 5.6 च्या आसपास उतरत नाही, सहाच्या वर राहतो, आणि ते लाल फुलण्याऐवजी काळसर, चिकट दिसतं. याला आम्ही डार्क कटर म्हणतो. खायला अपाय नाही, पण ग्रेड घसरते, स्पर्धेत तर बहुतेक ठिकाणी बादच. रिंगणासाठी धू-पूस, ब्लोअर, गर्दी, स्पीकर, पोरांची धावपळ, आणि त्याच रात्री ट्रक. त्या मधल्या वेळात भरपूर पाणी, सावली, आणि ओळखीचा माणूस जवळ, एवढं तरी मिळू द्या. तुमच्या कागदावर रंगाचा शेरा चांगला आहे. म्हणजे लेकीने त्याला शेवटच्या दिवशी शांत ठेवलं होतं. तिला हेही सांगा.

इतिहासात फार शिरत नाही, पण एक धागा सांगतो, कारण रिंगणाच्या निकालावर लोक देववाणीसारखा विश्वास ठेवतात. फोर-एचची सुरुवात 1902 मध्ये ओहायोच्या क्लार्क काउंटीतली, शेती शिकणाऱ्या शाळकरी मुलांची संघटना एफएफए 1928 ची. त्यानंतरच्या दशकांत रिंगणातला 'आदर्श' स्टीअर किती वेळा बदलला! पन्नाशीच्या दशकात बुटके, गोलमटोल, चरबीने भरलेले स्टीअर जिंकत. 1969 मध्ये शिकागोच्या इंटरनॅशनल प्रदर्शनात कोनोको नावाचा शारोले-अँगस संकर सर्वश्रेष्ठ ठरला आणि वारं फिरलं. पुढे ऐंशीच्या दशकात इतके उंच, लांब पायांचे स्टीअर आले की ते वेळेत भरतच नसत. आता पुन्हा केस आणि स्नायू. डोळ्याची फॅशन अशी फिरत राहते. बरगडीतला छेद मोजमाप देतो, आणि डोळ्याला दरवर्षी आपलं मत त्याच्याशी ताडून पाहावं लागतं. डेन्व्हरच्या नॅशनल वेस्टर्न या पशुप्रदर्शनात 1935 पासून 'कॅच-अ-काफ' चालतं. मुलं रोडिओच्या मैदानात वासरू पकडतात, वर्षभर सांभाळून परत आणतात. तिथे मुलाचं हिशेबाचं काम, जनावराची वाढ, रिंगणातली हाताळणी आणि कारकस हे सगळं मिळून गुण देतात. मला ही रचना सर्वांत न्याय्य वाटते.

याच कारणासाठी काही स्पर्धांवर माझा रागही आहे. फक्त यील्ड ग्रेडवर क्रम लावणारी स्पर्धा मुलांना चिवट, कोरडं मांस बनवायला शिकवते. फक्त मार्बलिंगवर लावणारी स्पर्धा फासळीवर इंचभर चरबी चढवायला शिकवते, आणि ती शेवटी छाटून टाकावी लागते. आणि सर्वांत वाईट म्हणजे निकाल पोस्टाने तीन आठवड्यांनी पाठवून देणं. तोवर शाळा सुरू होते, गोठा रिकामा असतो, आणि पोराच्या हातात फक्त एक नंबर येतो. तुमच्या लेकीचंही असंच झालेलं दिसतं. तिला कुणी बरगडीचा छेद दाखवून 'हे बघ, इथे कमी पडलं' असं सांगितलंच नाही. तुमच्या एक्स्टेन्शन ऑफिसला, म्हणजे काउंटीतल्या विद्यापीठाच्या शेती-सल्ला कार्यालयाला, विचारा. छेदाचे फोटो बहुतेक वेळा काढलेले असतात.

एक खबरदारी. काही वर्षांपूर्वी एका कत्तलखान्यात दोन मुलांची धडं बिल्ल्यांच्या गोंधळात अदलाबदल झालेली मी पाहिली. रिबआयचा आकार आणि जिवंतपणी काढलेला अल्ट्रासाउंड जुळेना म्हणून ते कळलं. तेव्हापासून मी मुलांना सांगतो: कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि कारकसवरचा नंबर दोन्ही वहीत लिहा. तुमच्या फोटोत दोन्ही आहेत आणि वजनही जुळतं, तेव्हा इथे तशी शंका नाही. आणि हो, अल्ट्रासाउंडची सोय असेल तर जत्रेच्या दोन महिने आधी जरूर करा. चरबीची जाडी आणि रिबआय तो बऱ्यापैकी अचूक सांगतो, मार्बलिंगचा अंदाज त्यापेक्षा थोडा ढिला असतो. तरी जूनमध्ये मका कमी करायचा की नाही, या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळालं असतं.

आता जेवत नाही त्या लेकीबद्दल. मी साताऱ्याकडचाच आहे. पुसेगावला सेवागिरीच्या यात्रेत खिल्लार खोंड लहानपणापासून बघत आलो. तिथे कांती बघतात, शिंगं बघतात, चाल बघतात, आणि पोळ्याला त्याच जनावराच्या पायावर पाणी घालतात. त्या घरातल्या नातीने गोऱ्ह्याला सर्जा म्हणायचं आणि मग त्याला ट्रकमध्ये चढवायचं, हे सोपं नाही. इथल्या पिढीजात शेतकऱ्यांची पोरंही त्या रात्री गोठ्यात रडतात. त्यांचे आई-बाप त्यांना गप्प करत नाहीत, बाजूला बसतात. तुम्हीही बसा. तिला रडू येतं याचा अर्थ ती या कामाला नालायक आहे असा नाही, आणि पुन्हा करावंसं वाटत नाही याचा अर्थ ती हरली असाही नाही.

पुन्हा करायचं की नाही हे तिनेच ठरवावं, पण डिसेंबरमधल्या वजन-नोंदणीआधी, पूर्ण माहितीनिशी. स्टीअरचा शेवट कुठे होतो हे त्या दिवशी ठाऊक असायला हवं, ऑगस्टमध्ये कळायला नको. नको वाटलं तर कालवडीचा प्रकल्प आहे. कालवड घरी परत येते, पुढे तिला वासरू होतं, आणि वंशाचे आकडे, अल्ट्रासाउंड हे सगळं शिकणं तिथेही आहेच. किंवा फोर-एचची मीट जजिंग: स्वतःचं जनावर लागत नाही, धडांचे आणि तुकड्यांचे क्रम लावायचे आणि कारणं लिहायची. रिंगणात पहिला येईल असं जनावर तयार करणारी पोरगी तिथे चांगली उतरेल असं मला वाटतं.

आजोबांना खरं सांगा. त्यांच्या राज्यात 2015 पासून बैलाच्या कत्तलीवरही कायद्याने बंदी आहे, आणि त्यांच्या मनात ती त्याच्या किती तरी आधीपासून असेल. त्यांना पटावं अशी अपेक्षा धरू नका. पण नातीने पहाटे साडेपाचला उठून, उणे वीसच्या थंडीत बर्फ फोडून त्याला पाणी पाजलं, हे ज्या माणसाने जन्मभर बैल सांभाळले त्याला कळेल. ते तिच्याच तोंडून सांगू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.

फोर-एचच्या रेकॉर्ड बुकात हा कागद लावा, खाली सूत्राने काढलेलं 1.7 तिच्या अक्षरात. आणि पुन्हा स्टीअरच घ्यायचं ठरलं, तर वासराच्या बापाचं नाव आणि जन्मतारीख पैसे देण्याआधी मला कळवा. मार्बलिंगचे आकडे बघून एका दिवसात सांगतो.